‘अस्सल’ कंट्री संगीत म्हणजे नेमकं कोणतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीनं जाहीर केलं की पुढच्या वेळेपासून या पुरस्काराचे दोन भाग होतील. एक ‘समकालीन’ कंट्री अल्बमसाठी आणि दुसरा ‘पारंपरिक’ कंट्री अल्बमसाठी. ही मागणी जुनीच होती, असं अकादमीचं म्हणणं. एका कृष्णवर्णीय पॉप गायिकेनं कंट्रीचा पुरस्कार नेला म्हणून ही वाटणी झाली, असा अनेकांचा संशय.

दोघांपैकी कोणाचंही खरं धरा, मूळ प्रश्न उरतोच. पारंपरिक म्हणजे कोणत्या सालापर्यंतचं? अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यापाड्यांतल्या गोऱ्या माणसांचं गाणं, अशी कंट्रीची सर्वसाधारण ओळख आहे. सोबतीला बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच, पण गावरान ढंगानं वाजवलेलं) आणि स्टील गिटार. विषय आगगाडी, दारू, देव आणि मोडलेला संसार. पण या संगीताचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर दर पिढीत कोणीतरी ‘हे काही खरं कंट्री नव्हे’ म्हणून ओरडलेलं दिसतं. आणि ज्याच्या नावानं ओरड झाली, तेच पुढच्या पिढीत परंपरा म्हणून मिरवताना दिसतं.

वाद्यं कुठून आली?

फिडल ब्रिटन आणि आयर्लंडहून आलेल्या लोकांनी आणलं. बँजोचं मूळ मात्र पश्चिम आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी भोपळ्याला चामडं ताणून बनवलेल्या वाद्यातून तो घडला. गाता गाता आवाज एकदम वरच्या पट्टीत फेकायचा योडेल हा प्रकार आल्प्सच्या डोंगराळ भागातला. आणि ज्या स्टील गिटारच्या लांबलचक, रडव्या सुरावाचून जुनं कंट्री ओळखूच येणार नाही, ती हवाई बेटांवरची! तारांवरून धातूचा तुकडा सरकवत वाजवायची ही पद्धत १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकाभर पसरली. तिचीच बहीण म्हणजे आपल्याकडची हवाइयन गिटार, जिच्यावर वाजवलेल्या हिंदी सिनेगीतांच्या धून आपण रेडिओवर ऐकल्या आहेत.

तेव्हा हे संगीत ‘शुद्ध’ असं कधीच नव्हतं. त्याला वेगळा कप्पा मिळाला तो गावात नव्हे, ग्रामोफोन कंपन्यांच्या कचेरीत.

१९२३ मध्ये राल्फ पीअर हा ओके कंपनीचा माणूस अटलांटात रेकॉर्डिंग करायला आला होता. स्थानिक दुकानदाराच्या आग्रहाखातर त्यानं फिडलिन जॉन कार्सन या वयस्कर वादकाची दोन गाणी घेतली. पीअरला त्याचं गाणं भयानक वाटलं होतं. पहिल्या ५०० तबकड्या बघता बघता संपल्या, तेव्हा कंपन्यांना कळलं की खेड्यातला गिऱ्हाईकही पैसे मोजतो. मग दोन वेगळ्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या खेडुतांसाठी जे आलं त्याला ‘हिलबिली’ हे नाव पडलं. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी. प्रत्यक्षात दोन्हीकडचे वादक एकमेकांच्या चाली सर्रास वाजवत. रेघ ओढली ती विक्रीच्या सोयीसाठी.

१९२७ च्या उन्हाळ्यात हाच पीअर, आता व्हिक्टर कंपनीसाठी, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात आला. तिथे आठवड्याभरात त्याला कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स असे दोघेही सापडले. आज कंट्रीची सुरुवात इथूनच सांगतात. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर पुढे डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडून जुनी गाणी गोळा करायचा. त्याला चाली लक्षात राहत नसत. म्हणून लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक बरोबर असायचा. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. तबकडीवर रिडलचं नाव कधी आलं नाही. रेल्वेत काम केलेला, क्षयानं पोखरलेला रॉजर्स ब्लूजला योडेल जोडून गायचा. १९३० मध्ये त्याच्या एका रेकॉर्डवर ट्रम्पेट वाजवला तो साक्षात लुई आर्मस्ट्राँगनं. कप्पे वेगळे, पण स्टुडिओ एकच.

विमा कंपनीचा रेडिओ आणि डॉक्टरांचा बँड

कंट्रीची पंढरी म्हणावी असा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम १९२५ मध्ये नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर सुरू झाला. हे केंद्र एका विमा कंपनीचं होतं. शनिवारी रात्री रेडिओवर गावाकडची गाणी ऐकणारं घर म्हणजे पॉलिसी विकायला चांगलं घर, असा सरळ हिशेब.

कार्यक्रमाचा सूत्रधार जॉर्ज हे हा मोठा चतुर माणूस. त्याच्या सुरुवातीच्या वादकांत हंफ्री बेट नावाचे चक्क एक शिकलेले डॉक्टर होते. हेनं त्यांच्या बँडचं नाव ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे रानातले शिकारी, असं करून टाकलं. सुटाबुटात येणाऱ्या वादकांना फोटोसाठी शेतकऱ्यांचे कपडे घालायला लावले. अस्सल गावरानपणा हा असा बेतून शिवलेला होता, तोही पहिल्या दशकातच.

याच मंचावरचा अतिशय लोकप्रिय कलाकार होता डीफोर्ड बेली. लहानपणी पोलिओ झालेला, ठेंगणा, कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक. तो आगगाडीचा आवाज असा हुबेहूब काढायचा की गाडी लांबून येऊन निघून गेल्याचा भास व्हावा. १९२७ मध्ये ज्या रात्री हेनं ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव पहिल्यांदा उच्चारलं, त्या रात्री ते नाव काढण्याआधी माइकवर वाजला होता बेलीच. दौऱ्यावर मात्र त्याला गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. १९४१ मध्ये रेडिओ केंद्रं आणि गीतकारांची हक्कसंस्था यांचं भांडण झालं, त्यात बेलीच्या गाजलेल्या चाली प्रसारणातून बाद ठरल्या. नव्या चाली शिकत नाही असं कारण देऊन त्याला काढून टाकण्यात आलं. उरलेलं आयुष्य त्यानं नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवून काढलं. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ मध्ये.

विजेची गिटार, मग व्हायोलिनचा ताफा

१९३३ मध्ये दारूबंदी उठली, तसे रस्तोरस्ती गुत्ते उघडले. तिथल्या कलकलाटात साधी गिटार ऐकू जाईना. म्हणून गिटारला वीज जोडली गेली, गाणी घरातल्या भांडणांवर आणि बेवड्याच्या पश्चात्तापावर आली. यालाच ‘हाँकी टाँक’ म्हणतात. त्याचा राजा हँक विल्यम्स. अलाबामातल्या रस्त्यावर गाणाऱ्या रुफस पेन या कृष्णवर्णीय वादकाकडे तो पोरवयात शिकला. दारूपायी ऑप्रीनं त्याला १९५२ मध्ये काढलं आणि १ जानेवारी १९५३ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, मोटारीच्या मागच्या सीटवर तो मेला. आज ‘पारंपरिक’ म्हटलं की सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात.

अनेकांना शेकडो वर्षं जुनं वाटणारं ब्लूग्रासही असंच. बिल मन्रोच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी सुसाट बँजो वाजवू लागला, ते साल होतं १९४५.

पुढे एल्व्हिस प्रेस्ली आला आणि तरुण गिऱ्हाईक रॉक अँड रोलकडे पळालं. नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी, विशेषतः चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडलीनं, उपाय काढला. फिडल आणि स्टील गिटार मागे सारायची, त्यांच्या जागी व्हायोलिनचा ताफा आणि मागून कोरसचा मुलायम आवाज. ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणजे काय असं विचारल्यावर अ‍ॅटकिन्सनं खिशातली नाणी खुळखुळवून दाखवली, असं सांगतात. जुन्या श्रोत्यांना हा भ्रष्टाचार वाटला. पण याच शैलीतला जिम रीव्ह्ज भारतात पोचला. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत त्याची नाताळची गाणी अजून लागतात, आणि तिथे कंट्री म्हणजे तोच मऊ, जाड आवाज. माझ्या मते पॅट्सी क्लाइनच्या त्या काळातल्या गाण्यांपुढे ‘अस्सल’वाल्यांचा राग टिकत नाही. पण ते असो.

राग निघाला तो १९७४ मध्ये. कंट्री म्युझिक असोसिएशननं सर्वोत्कृष्ट गायिका म्हणून ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला निवडलं. चिडलेले कलाकार जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी वेगळी संघटनाच काढली. पुढच्या वर्षी त्याहून मोठा तमाशा झाला. वर्षातल्या सर्वोच्च पुरस्काराचं नाव जाहीर करायला चार्ली रिच मंचावर आला, पाकीट उघडलं, आत जॉन डेन्व्हरचं नाव होतं. रिचनं खिशातून लायटर काढला आणि तो कागद सगळ्यांसमोर पेटवून दिला. तो डेन्व्हरवर चिडला होता की नुसताच झिंगला होता, यावर आजही वाद होतात. आपल्याकडे कॉलेजच्या सहलीत गिटार निघाली की डेन्व्हरचंच गाणं आधी येतं, हेही इथे सांगायला हवं. आणि खुद्द रिचचं यशही चकचकीत, पॉपच्या अंगानं जाणाऱ्या कंट्रीतच होतं!

त्याच दशकात विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्ज यांनी नॅशव्हिलची शिस्त झुगारून केस वाढवले, आपलाच बँड घेऊन हवं तसं रेकॉर्ड केलं. त्यांना ‘आउटलॉ’ म्हणजे फरारी हे नाव पडलं. ऐंशीच्या दशकात जॉर्ज स्ट्रेट, रँडी ट्रॅव्हिस यांनी पुन्हा फिडल आणि स्टील गिटार आणली. मग १९९१ मध्ये एक साधी तांत्रिक गोष्ट घडली. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकानं दुकानदारांना विचारून यादी करायचं सोडून बारकोडवरून विक्री मोजायला सुरुवात केली. तोवर खेड्यातलं संगीत म्हणून कमी धरलेलं कंट्री किती खपतं ते उघड झालं. काही महिन्यांतच गार्थ ब्रूक्सचा अल्बम देशाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला.

याद्या मोजणारे तेच, याद्यांतून वगळणारेही तेच. मार्च २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचं घोडा, टोपी आणि बँजोचं गाणं ‘बिलबोर्ड’नं कंट्रीच्या यादीतून काढलं, कारण त्यात आजच्या कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत. ते गाणं मग देशाच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं.

आता ग्रॅमीच्या नव्या पुरस्काराची व्याख्या वाचा. पारंपरिक कंट्रीची वाद्यं म्हणून तिथे फिडल, बँजो, मँडोलिन, स्टील गिटार यांच्या जोडीला विजेची गिटार आणि ड्रमही आहेत. ऑप्रीच्या मंचावर ड्रमला कित्येक वर्षं मज्जाव होता. परंपरेचे उपप्रकार म्हणून जी नावं दिली आहेत, त्यांत एक आहे ‘आउटलॉ’.