असईच्या मातीसाठी झेंडू

लाल पॉपी ब्रिटनमध्ये हुतात्म्यांचं फूल ठरलं, कारण पहिल्या महायुद्धात युरोपात तोफांनी उकरलेल्या जमिनीत त्याचं निजलेलं बी उगवून आलं. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला, केळना-जुईच्या संगमाजवळ, २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी झालेल्या लढाईत दौलतराव शिंद्यांचे कितीतरी सैनिक पडले. सेनानी पोलमन जर्मन, शिपाई बरेचसे उत्तरेकडचे. मग ते आपले कसे, असं कुणी विचारेल. पण त्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्याकडच्या मृतांतही मद्रासचे शिपाई होतेच. या सगळ्यांच्या स्मरणासाठी पॉपी इथे परकीच वाटेल. मात्र जवानांच्या स्मरणासाठी आपल्याकडे झेंडू सुचवला गेलाय, आणि सप्टेंबरअखेर तो दसऱ्यासाठी फुलूच लागतो. पहिली ओंजळ असईच्या नदीकाठी वाहूया.