घराण्याची वही आणि जगाची चावडी



आपल्या कुळाचा शोध घेणे हा कोकणी माणसाला नवा छंद नव्हे. येथल्या कित्येक घरांच्या फडताळात कापडी बांधणीचा एखादा कुलवृत्तांत आजही सापडेल. घराण्यातल्या कोणा निवृत्त गृहस्थाने गावोगावच्या कुलबंधूंना पत्रे धाडावी, मूळपुरुष, गोत्र, कुलदैवत आणि शाखा जुळवाव्या, प्रत्येकाची जन्मतिथी, शिक्षण, व्यवसाय आणि पत्नीचे माहेरचे नाव टिपून घ्यावे, आणि वर्गणी जमवून ग्रंथ छापावा, असा हा उद्योग विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी निष्ठेने केला. त्याहून जुनी परंपरा त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. यात्रेकरूने आडनाव व गाव सांगावे आणि उपाध्यायांनी त्याच्या पणजोबांच्या हातची नोंद काढून दाखवावी!

या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वहीला राखणदार होता. 'कोण, कुठले?' असे विचारल्यावाचून उपाध्याय वही उघडीत नसत. कुलवृत्तांताच्या प्रती मोजक्या आणि त्या बहुतेक कुलबंधूंच्याच घरी. माहिती जपली जाई ती कायद्यामुळे नव्हे, तर ती मिळवायला कोणाच्या तरी ओटीवर जाऊन बसावे लागे म्हणून. आज तीच माहिती संकेतस्थळांवर भरली जाऊ लागली आहे, आणि तेथे हा 'कोण, कुठले?' विचारणारा माणूस उरलेला नाही.

वंशावळीची गरज मात्र वाढली आहे. जातपडताळणीला वंशावळ लागते, वारसनोंदीला लागते; २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर हजारो कुटुंबे जुनी दप्तरे धुंडाळू लागली. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनाही आपले मूळ गाव जाणून घ्यावेसे वाटते. तेव्हा 'नाव नोंदवा, विनामूल्य शोधा' अशी पाटी दिसली की हात आपोआप पुढे होतो. नोंदणी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण फुकट म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे.

अशा स्थळांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक, संस्थेने धर्मकार्य म्हणून चालवलेली. 'फॅमिलीसर्च' हे त्यांतले सर्वांत मोठे. अमेरिकेतील यूटा प्रांतातल्या मॉर्मन पंथाचे ते आहे. त्याची मूळ वंशशोध संस्था १८९४ साली निघाली, आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मछायाचित्रेही तिने घेतलेली आहेत. तेथे मृतांचा वृक्ष साऱ्या जगाचा एकच असतो. कोणीही त्यात भर घालतो, कोणीही दुरुस्ती करतो. हयात माणसाची नोंद सामान्यतः ज्याने भरली त्यालाच दिसते. पण माणूस हयात की मृत, हे भरणाराच सांगतो. तुम्ही चुकून हयात आत्याला 'मृत' लिहिले, की ती चावडीवर आली! दुसरा प्रकार व्यापारी कंपन्यांचा. काही मर्यादेपर्यंत फुकट, पुढे वर्गणी. तेथे तुमची वंशावळ हेच कंपनीचे भांडवल, कारण तिच्याशी जुळणारी माहिती दाखवूनच पुढचा गिऱ्हाईक मिळवायचा असतो.

आता धोके पाहू. पहिला अगदी घरगुती आहे. बँकेत ओळख पटवताना आईचे माहेरचे नाव आणि जन्मतारीख विचारण्याचा प्रघात आहे. आपल्या कुलवृत्तांतात नेमके हेच एका ओळीत असते. शिवाय मराठी नावातच वडिलांचे नाव गुंफलेले. म्हणजे जी ओळ आपण अभिमानाने भरतो, ती लबाडाच्या हाती किल्लीसारखी पडू शकते. कोकणात जमिनीला दहा-वीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत वा परदेशात. कोण वृद्ध आहे, कोण निपुत्रिक वारला, कोण गावी फिरकत नाही, हे वंशवृक्षावरून अनोळखी माणसालाही कळू शकते.

दुसरा धोका चोरीचा. 'मायहेरिटेज' या स्थळाच्या ९ कोटी २० लाखांहून अधिक सभासदांचे ईमेल पत्ते व सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचे जून २०१८ मध्ये उघडकीस आले. 'ट्वेंटीथ्री अँड मी' या जनुकतपासणी कंपनीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. २०२३ साली चोरांनी सुमारे १४,००० खाती उघडली, तीही लोकांनी दुसरीकडे वापरलेलेच पासवर्ड तेथे ठेवल्यामुळे. पण नातेवाईक जोडण्याच्या सोयीतून माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची! पुढे मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची मालकी बदलली. ज्याच्यावर विश्वास ठेवून आपण माहिती दिली, तोच मालक उद्या राहील, याची शाश्वती नसते.

तिसरा धोका नैतिक आहे आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. वंशावळ एकट्याची नसतेच. २०१८ साली कॅलिफोर्नियात एक जुना खुनी पकडला गेला, तो दूरच्या नातेवाइकांनी 'जेडमॅच' या स्थळावर स्वतःची जनुकमाहिती ठेवल्यामुळे. खुनी सापडला हे चांगलेच झाले. परंतु एकाच्या संमतीने साऱ्या कुळाचे दार उघडते, हे त्यातून सिद्ध झाले. दत्तक गेलेला मुलगा, मोडलेले लग्न, घराने न स्वीकारलेला विवाह, यांबाबत कुलवृत्तांताचा संपादक संबंधितांना विचारून लेखणी आवरू शके. यंत्राचा तक्ता मात्र रिकामी चौकट दाखवून 'येथे कोण?' असे विचारीत राहतो.

कायदा आहे काय? आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि अंमल टप्प्याटप्प्याने ठरला. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती त्याने आवश्यक केली. पण एखाद्याने निव्वळ घरगुती कामासाठी जमवलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. चुलतभावाने तुमची जन्मतारीख उत्साहाने भरली, तर ते भांडण बहुधा घरातच मिटवावे लागेल.

म्हणून काही साधे नियम सांगतो. मृतांचीच माहिती भरावी. हयातांच्या जागी नुसते 'हयात' लिहावे. मुलांची नावे व जन्मतारखा मुळीच देऊ नयेत. या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता व वेगळा पासवर्ड ठेवावा. बँकेच्या गुप्त प्रश्नाला आईचे खरे माहेरचे नाव उत्तर म्हणून देऊ नये. नोंदणीपूर्वी दोन गोष्टी वाचाव्या: खाते पुसता येते काय, आणि माहिती दुसऱ्याला दिली जाते काय. पुसल्यावरही इतरांनी उतरवून घेतलेली प्रत उरते, हे विसरू नये. जनुकतपासणी करण्यापूर्वी भावंडांना विचारावे. आणि पुष्कळसे काम नोंदणीवाचूनच होते. तलाठ्याकडचे फेरफार, शाळेचे दाखले, आणि १८२८ पासून चालत आलेले आपले नगर वाचनालय ही दारे जवळच आहेत.

पूर्वजांची नावे लपवून ठेवावी, असा या सांगण्याचा अर्थ नाही. ती सांगितल्यानेच टिकतात. फक्त जुन्या वहीजवळ बसलेला तो उपाध्याय आता नाही, आणि 'कोण, कुठले, कशासाठी?' हे त्याचे प्रश्न वही उघडण्यापूर्वी आपणच विचारायला हवेत.