उन्हात दिसतो तोच गेम

ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघावं आणि भर दुपारी हातातला पीएसपी सुरू करावा. ४.३ इंची रंगीत पडद्यावर गाडी दिसायच्या आधी आपलाच चेहरा दिसतो. शेजारच्या पोराच्या हातातल्या ब्रिक गेमवर मात्र वीट न् वीट ठसठशीत. पीएसपीच्या पडद्यामागे दिवा आहे. आपल्या उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. ब्रिक गेमला दिवाच नाही. तो बाहेरच्या उजेडावर दिसतो, म्हणून ऊन जितकं कडक तितकं चित्र स्वच्छ.

हातातल्या गेमांची सगळी चढाओढ या एका गोष्टीभोवती फिरली. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंचं म्हणणं असं की जुनं, स्वस्त झालेलं तंत्र नव्या कामाला लावावं. १९८९चा गेम बॉय त्याच विचारातून आला: हिरवट पडदा, राखाडी छटा चारच, मागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आणि १९९०ला सेगाचा गेम गिअर आला. दोघांचेही पडदे रंगीत, आतून उजळलेले. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल घ्यायचा आणि चार-पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. रंग हरले.

आपल्याकडे गेम बॉय पोचला मोजक्या घरांत. वरसोलीच्या जत्रेत, चौल-भोवाळ्याच्या दत्तजयंतीला खेळण्यांच्या दुकानांत टांगलेला असायचा तो ब्रिक गेम. योकोईंचा विचार त्याने पार टोकाला नेला, असं माझं ठाम मत आहे. गेम बॉयच्या पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके, त्यांतून हवं ते चित्र काढता येतं. ब्रिक गेमच्या काचेवर वीस ओळी आडव्या, दहा उभ्या, असे दोनशे चौकोन आधीच कोरलेले. चौकोन दिसेल किंवा दिसणार नाही, एवढंच. बंद गेम उन्हात तिरका धरला की ते सगळे पुसट चौकोन एकदम दिसतात. एवढ्यावर टेट्रिस, साप, गाड्यांची शर्यत, रणगाडे! खोक्यावर ९९९९ गेम लिहिलेले. खरे खेळ थोडेच, वेग आणि पातळी बदलून आकडा फुगवलेला. तरी त्यावर पोरांच्या सुट्ट्या गेल्या. खाऱ्या हवेने सेलच्या स्प्रिंगवर हिरवा थर चढायचा. खोडरबराने घासला की गेम पुन्हा सुरू.

पीएसपीला कमी लेखायचं नाही. २००४च्या अखेरीस तो आणि निन्टेन्डोचा डीएस काही दिवसांच्या अंतराने आले. पीएसपीचं चित्र त्या काळी थक्क करणारं होतं, आणि भारनियमनाच्या अंधारात ब्रिक गेम आंधळा, तिथे पीएसपी राजा. फक्त चार-सहा तासांनी त्याला चार्जिंग लागायचं आणि घरात वीज नसायची. जगाचा कौलही सरळ लागला: डीएस १५ कोटींवर खपले, पीएसपी ८ कोटींच्या घरात. पुन्हा कमी ताकदीचंच यंत्र पुढे गेलं.

आज मांडव्याच्या बोटीत पोरं मोबाइलवर खेळतात. डेकवर ऊन आलं की पडद्यावर हाताचा आडोसा धरतात, नाहीतर उठून आत सावलीत जाऊन बसतात.