रोज किती ब्रेड भाजायचे?

माझी मावसबहीण पुण्यात छोटी बेकरी टाकतेय. सोसायटीत तिने विचारलं, "गव्हाचा ब्रेड घ्याल का?" बहुतेक सगळे "हो" म्हणाले. त्या भरवशावर ती मोठ्या ओव्हनसाठी कर्ज काढणार होती. म्हटलं, ताई, महिनाभर थांब!

'हो' म्हणायला पैसे पडत नाहीत, म्हणून अशा उत्तरांत मागणी फुगते. याला 'हायपोथेटिकल बायस' म्हणतात. त्यापेक्षा विचारावं: गेल्या आठवड्यात कोणता ब्रेड घेतला, कुठून, कितीला? आणि घरच्या ओव्हनवर थोडा माल करून खरंच विकून बघावा.

विकताना माल कधी संपला तेही लिहायचं. २० ब्रेड सकाळी अकरालाच संपले, तर मागणी २० किंवा त्याहून जास्त होती. नेमकी किती, ते कळलंच नाही.

आता गणित. समजा, एका ब्रेडला खर्च २५ रुपये, विक्री ४० ला. कमी पडला तर १५ चा नफा बुडतो, उरला तर २५ अंगावर येतात. १५ ÷ (१५ + २५) = ०.३७५. म्हणजे दहापैकी साधारण चारच दिवस मागणी पुरी होईल, एवढाच माल भाजायचा. याचं नाव 'न्यूजव्हेंडर प्रॉब्लेम', कारण शिळा पेपरही कुणी घेत नाही.

पण उरलेल्याचे टोस्ट करून ब्रेडमागे १५ रुपये सुटले, तर तोटा १० वर येतो. उत्तर होतं ०.६, म्हणजे दहापैकी सहा दिवस. तेव्हा ताई, आधी टोस्ट, मग कर्ज!