कृत्रिम कळदाब आणि त्याचे दोषशोधन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, असे ग्रंथाच्या अखेरीस नमूद आहे. जेथे सांगणारा एक व लिहिणारा दुसरा असतो, तेथे सांगितले तेच लिहिले गेले काय, हा प्रश्न अटळ होय. संगणकाकडून टंकन करवून घेताना तोच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो.

शब्दसंग्रहाची एखादी जुनी प्रणाली शब्द केवळ कळफलकावरूनच स्वीकारीत असेल, तर हजारो शब्द भरण्यासाठी दुसऱ्या प्रणालीकडून कळा दाबल्याचा आभास निर्माण करावा लागतो. विंडोज कार्यप्रणालीत ह्यासाठी ‘सेंडइनपुट’ ही मूळ आज्ञा आहे. कळ दाबणे, कळ सोडणे, माऊस हलविणे अशा घटनांची यादी तिला द्यावयाची. किती घटना रांगेत दाखल झाल्या, तो आकडा ती परत देते.

आकडा शून्य आला, तर प्रथम घटनेच्या नोंदीचे आकारमान तपासावे. ३२ बिटांच्या प्रणालीत ते २८ बाइट, तर ६४ बिटांच्या प्रणालीत ४० बाइट असते. ते चुकल्यास सर्व यादी नाकारली जाते. हा दोष उघड असल्याने सुसह्य होय.

खरी फसगत आकडा पूर्ण येऊनही होते. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. दोहोंत दहा वर्णचिन्हे. भेद केवळ चौथ्याचा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ व ‘ऱ’ एकाच कळेवर असून ‘ऱ’साठी शिफ्ट दाबावी लागते. शिफ्ट दाबणे, कळ दाबणे, कळ सोडणे, शिफ्ट सोडणे ह्या घटना स्वतंत्र आज्ञांनी धाडल्या, तर मध्येच माणसाच्या हाताची कळ शिरू शकते. शिफ्ट अवेळी सुटली, की आचाऱ्याचा आचार्य होतो. चारही घटना एकाच यादीत दिल्यास त्या सलग राहतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे कळेऐवजी वर्णाचा युनिकोड क्रमांक धाडणे. मग कोणता कळफलक निवडला आहे, ह्यास महत्त्व उरत नाही. तथापि, समोरची खिडकी अधिक अधिकाराने चालत असल्यास घटना तेथे अडविल्या जातात, आणि आज्ञेच्या उत्तरावरून त्याचा सुगावाही लागत नाही.

तात्पर्य, परत आलेला आकडा ही केवळ पोच आहे, प्रचीती नव्हे. उमटलेला मजकूर पुन्हा वाचून मुळाशी ताडणे, हेच अखेरचे दोषशोधन. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तीही ह्याच गरजेतून.