पिवळ्या फुलांची नावे : कारळा, सोनकी आणि कॉसमॉस

बोलींचा शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकाला वनस्पतींची नावे हटकून अडचणीत टाकतात. नाव मिळते, परंतु ते नेमके कोणत्या झाडाचे हे ठरत नाही. मग अर्थाच्या रकान्यात ‘एक पिवळे फूल’ एवढेच लिहिले जाते. अशी नोंद असून नसल्यासारखीच होय. सांगलीच्या विश्रामबागेत, १९१९ साली स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयाच्या परिसरात वावरणाऱ्या विद्यार्थ्याला अशी तीन नावे सहज भेटतात. कारळा त्याला भाकरीबरोबरच्या चटणीतून ठाऊक असतो, सोनकी साताऱ्याकडच्या पठारांवरून आणि कॉसमॉस बंगल्यांच्या बागांतून. तिन्ही सूर्यफुलाच्या कुलातील असून तिन्हींची फुले दुरून सारखीच दिसतात.

या कुलात व्यवहारात ज्याला फूल म्हणतात ते वस्तुतः अनेक लहान फुलांचे एक मुंडके असते. कडेची पाकळीसारखी दिसणारी ती किरणपुष्पे आणि मधल्या चकतीतील बारीक ती बिंबपुष्पे. ओळख पटविण्याच्या कामी हे पिवळे मुंडके सर्वांत कमी उपयोगी पडते. कारळ्याला बहुधा आठ किरणपुष्पे व त्यांच्या टोकांना तीन दाते असतात. पण पिवळ्या कॉसमॉसचेही तसेच आहे. म्हणून फूल उलटे करून पाहावे. कारळ्याच्या मुंडक्याखाली पाच रुंद, हिरवी, पानांसारखी छदे दिसतात. त्याची पाने अखंड व बहुतेक समोरासमोर असतात. कॉसमॉसचीही पाने समोरासमोर, परंतु खोल चिरलेली असतात. सोनकीची पाने एकाआड एक.

खरा निर्णय मात्र बी करते. कारळ्याचे बी काळे, चकचकीत असून त्यावर केस अथवा काटे काहीही नसते. सोनकीच्या मधल्या फुलांच्या बीवर मऊ पांढऱ्या केसांचा झुबका असतो, त्यामुळे ते वाऱ्यावर उडते. कॉसमॉसचे बी लांब, चोचीसारखे असून टोकाच्या उलट्या काट्यांनी कपड्याला चिकटते. हा मूळचा मेक्सिकोचा. १७९१ मध्ये काव्हानिल्येसने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो बागेबाहेर पडून रस्त्यांच्या कडेने फोफावला आहे.

तेव्हा संशयित नावाबरोबर बी मिळाले, तर ते पेरून पाहणे हाच उत्तम मार्ग. कारळा हे खरिपाचे वर्षायू पीक. जूनअखेर ते जुलै या काळात बारीक बी वाळूत मिसळून, सुमारे ३० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत उथळ पेरावे व पुढे दोन रोपांत सुमारे १० सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उगवणीच्या वेळी पाणी साचू नये म्हणून गादीवाफा बरा. बियांत अमरवेलीचे बी मिसळलेले असण्याचा संभव असतो, ते आधी पाखडून काढावे. साधारण १०० दिवसांत बी तयार होते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कारळ्याचे झाड स्वतःच्या परागाने फळत नाही. मधमाश्यांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणावा लागतो. कुंडीत एकच रोप लावणाऱ्याला फूल दिसेल, पण ज्याच्यासाठी खटाटोप केला ते बी बहुधा पोकळच निघेल. सोनकी मात्र परसात आणण्याचा मोह टाळावा. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिची ओळख तेथेच, न खुडता करून घ्यावी.

आता नावांकडे. कारळ्यालाच मराठीत खुरासणी असेही म्हणतात. नावावरून खुरासान आठवते. वनस्पतीचे मूळ स्थान मात्र इथिओपियाचा उंच प्रदेश. नावाच्या व्युत्पत्तीवरून झाडाचे मूळ शोधणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हिंदीत ते रामतिल. कन्नडमध्ये हुच्चेळ्ळु किंवा गुरेळ्ळु. पैकी ‘हुच्चु’ म्हणजे वेड आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. दोन्ही भाषांनी अनोळखी बी ओळखीच्या तिळाच्या नावाखाली आणले, वस्तुतः तिळाचे कुल वेगळे. साम्य पाहिले गेले ते तेलाचे आणि बीच्या उपयोगाचे, फुलाचे नव्हे. ‘सोनकी’ हे नाव उलट केवळ सोनेरी रंगावर उभे आहे, आणि म्हणूनच ते एका जातीपुरते राहत नाही. तिच्याच प्रजातीतील दुसऱ्या एका जातीला छोटी सोनकी म्हणतात. जत तालुक्यासारख्या कन्नड-मराठी सीमेवरील भागात शब्द गोळा करताना ‘एळ्ळु’ ऐकून तीळ लिहून टाकणे अगदी सोपे आहे. तेथे निवेदकाकडे बी मागावे आणि ते नोंदीबरोबर पाकिटात ठेवावे.

शास्त्रीय नाव दिले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. कारळ्याचे आजचे नाव गिझोशिया अ‍ॅबिसिनिका. अठराव्या शतकात तो पॉलिम्निया या प्रजातीत गणला गेला होता. सोनकी जुन्या वनस्पतिग्रंथांत सेनेसिओ ग्रॅहमी या नावाखाली सापडते, नव्यांत सेनेसिओ बॉम्बेएन्सिस या नावाखाली. कोशकाराला दोन्ही नावे द्यावी लागतात. अन्यथा जुना ग्रंथ उघडणाऱ्याला एकाच झाडाच्या जागी दोन झाडे दिसतील.