वितळून गेलेला बांध : ग्लेन रॉय आणि परिशेषाचं अनुमान

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोलत होतो. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यातलं उदाहरण आठवा. नदी दुथडी भरून, वेगाने वाहते आहे. त्यावरून वर कुठेतरी पाऊस पडून गेला, असं आपण ओळखतो. कार्यावरून कारणाकडे जाणारं हे शेषवत् अनुमान. याच शब्दाचा दुसरा अर्थ भाष्यात येतो तो ‘परिशेष’. म्हणजे शक्यता एकेक करून बाद करायच्या आणि उरेल ती स्वीकारायची. हा परिशेष कुठे दगा देतो, ते आज स्कॉटलंडमधल्या एका दरीच्या उदाहरणाने पाहू.

दरीचं नाव ग्लेन रॉय. तिच्या दोन्ही उतारांवर, एकावर एक, तीन आडव्या रेघा दिसतात. समुद्रसपाटीपासून त्यांची उंची साधारण 260, 325 आणि 350 मीटर. लोक त्यांना ‘समांतर रस्ते’ म्हणतात, आणि प्राचीन वीरांनी ते शिकारीसाठी बांधले, अशी लोककथा आहे. पण रेघ इतकी समपातळीत ठेवतं कोण? साचलेलं पाणी. हे किनारे आहेत, इथवर बहुतेक अभ्यासकांचं एकमत होतं. प्रश्न एवढाच, की पाणी कशाचं?

1838 साली 29 वर्षांचा चार्ल्स डार्विन तिथे गेला. त्याचा युक्तिवाद बघा. पाणी एक तर तळ्याचं असेल, नाहीतर समुद्राचं. तळं म्हटलं तर दरीचं तोंड अडवणारा प्रचंड बांध हवा. दगडमातीचा एवढा बांध मागमूस न ठेवता जाईल कुठे? तेव्हा तळं बाद, उरला समुद्र. शिवाय चिलीच्या किनाऱ्यावर वर उचलली गेलेली जमीन त्याने स्वतः पाहिली होती. रेघांवर सागरी शिंपले सापडत नव्हते, ही अडचण होतीच. तरी 1839 साली त्याने निबंध प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी स्विस शास्त्रज्ञ लुई अगासीने ती दरी पाहिली. आल्प्समध्ये हिमनदी काय करते, हे त्याला ठाऊक होतं. हिमनदी खडकावर ओरखडे काढते, लांबून आणलेले दगड परक्या जमिनीवर टाकते, कडेला हिमोढांचे ढीग रचते. आणि कधीकधी बाजूच्या दरीचं पाणीही अडवते. आलेच हिमनदीच्या काठाचं मेर्येलेन तळं असंच तयार झालेलं. म्हणजे बांध होता, पण बर्फाचा. वितळला आणि गेला!

पुढे थॉमस जेमिसनने बारकाईने तपास केला. प्रत्येक रेघेची उंची एकेका खिंडीच्या उंचीशी जुळते. तळं भरलं की पाणी त्या खिंडीतून सांडायचं, म्हणून पातळी तिथेच थांबायची. बर्फ पुढे सरकला तशी खालची खिंड अडली आणि पाणी वरच्या खिंडीपर्यंत चढलं. बर्फ हटला तसं टप्प्याटप्प्याने उतरलं. ही घटना सुमारे 12,000 वर्षांपूर्वीची, हिमयुगाच्या शेवटच्या थंड लाटेतली. 1861 साली डार्विनने आपलं मत सोडून दिलं.

आता तार्किक दोष नेमका कुठे होता? बाद करण्याची क्रिया बरोबरच होती, बरं का. दगडमातीचा बांध खरोखरच नव्हता. अपुरी होती ती शक्यतांची यादी. परिशेष खरा ठरतो तो यादी पूर्ण असेल तरच. आणि यादी पूर्ण आहे, हे परिशेष स्वतः कधीच सांगू शकत नाही. ते सांगायला बाहेरचा अनुभव लागतो. अगासीकडे तो होता. शिंपले नसणं ही धोक्याची खूण होती. उरलेल्या पर्यायालाही स्वतःचा पुरावा द्यावा लागतो.

हे फक्त भूशास्त्रापुरतं नाही. घरातली वस्तू हरवते, ‘दुसरं कोण आलं होतं?’ असं म्हणून आपण कामवाल्या बाईवर संशय घेतो. तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणून रुग्णाचं दुखणं ‘मनाचं’ ठरवतो. दोन्हीकडे परिशेषच आहे, आणि यादी आपणच केलेली आहे. निष्कर्षाआधी एवढंच विचारू या : वितळून गेलेलं काही आपल्या यादीतून सुटलं तर नाही ना?